पक्षी बघायला न आलेली माणसं

जानेवारीतली सकाळ. कच्छच्या नखत्राणा तालुक्यातल्या फुलाय गावाबाहेर पीलूच्या झाडांपाशी जीपगाड्या येऊन थांबतात. उतरणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईची मंडळी हटकून असतात. कानटोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर हात-दीड हात लांबीची लेन्स. दिवसा इथे ऊन चटकतं, पण रात्रीची थंडी अजून वाळूतून गेलेली नसते, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळे पायावर पाय घासत उभे असतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो पक्षी बुलबुलाहून थोडा मोठा, अंगाने सडपातळ आणि राखाडी. नराच्या डोळ्यांवरून मानेमागे जाणारी काळी पट्टी असते आणि शेपटीचं टोकही काळं. उडाला की पंखांची पांढरी टोकं चमकतात. पीलूच्या झुडपात शिरून तो फळं खातो आणि मग बराच वेळ आतच बसून राहतो. त्याचं नाव हायपोकोलियस. हा वीण करतो इराक-इराणकडे, हिवाळा काढतो बहुतेक अरबस्तानात. भारतात तो हमखास बघायचा असेल तर फुलायला जावं, असं गेली तीन दशकं पक्षीनिरीक्षक एकमेकांना सांगत आले आहेत.

दिवाळीनंतर होळीपर्यंत कच्छमध्ये अशा सहलींचा हंगाम असतो. ठिकाणं ठरलेली: छारी धांडची उथळ पाणथळ, बन्नीचं गवताळ रान, नलियाचा माळ, मांडवी-मुंद्र्याकडचा किनारा, जमलंच तर मोठ्या रणाची कड. प्रत्येक ठिकाणाला त्याचे त्याचे पक्षी नेमून दिलेले. ही यादी अशी तयार होऊन हातात पडते की ती कुणी केली हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण उत्तर मोठं गमतीचं आहे. कच्छच्या पक्ष्यांचा नकाशा ज्यांनी काढला, त्यांपैकी बरेचजण पक्षी बघायला आलेलेच नव्हते. कुणी दगड शोधत आला, कुणी पलटणीबरोबर, कुणी गोचिडांच्या मागावर. आणि ज्या जमिनीवर हे पक्षी उतरतात, ती तर एका सूडबुद्धीने बांधलेल्या बांधाने आणि एका भूकंपाने घडवलेली.

सुरुवात तिथूनच करावी लागते. आज लखपत म्हणजे सात किलोमीटर लांबीचा कोट आणि आत तुरळक वस्ती. अठराव्या शतकात मात्र हे भरभराटीचं बंदर होतं. सिंधू नदीचा एक पूर्वेकडचा फाटा कोरीच्या खाडीपर्यंत येई, त्यावर होड्या चालत, काठाने भातशेती होई. १७६२ साली झारा इथे कच्छ आणि सिंध यांच्यात भीषण लढाई झाली. सिंधचा गुलाम शाह कल्होरा याने नंतर वरच्या अंगाला बांध घालून कच्छकडे येणारं पाणी तोडलं. त्याच्यामागून आलेल्या सत्ताधीशांनी तेच धोरण पुढे चालवलं. भाताची शेतं हळूहळू खारवटली.

उरलंसुरलं काम १६ जून १८१९च्या भूकंपाने केलं. मोठ्या रणात ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा जमिनीचा पट्टा काही मीटर वर उचलला गेला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटलं, कारण आधीचे बांध माणसांनी घातलेले होते आणि हा कुणीच घातलेला नव्हता. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, तिथे समुद्राचं पाणी भरलं आणि सिंदरीचा किल्ला बुडाला. किल्ल्यातल्या लोकांनी बुरुजावर चढून जीव वाचवला. पुढे अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही जागा पाहून लिहिलं आणि चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात बुडालेल्या सिंदरीचं चित्र छापलं. त्यामुळे युरोपातल्या भूवैज्ञानिकांना कच्छचं नाव ठाऊक झालं ते रणातल्या जमिनीमुळे. पक्ष्यांचा विषय अजून कुणाच्या डोक्यात नव्हता.

नदी तुटलेली, जमीन सपाट, समुद्र जवळ. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो, वरून पाऊस आणि ओढ्यांचं पाणी येतं आणि हजारो चौरस किलोमीटरवर गुडघाभर, कुठे घोटाभर पाणी साचतं. हिवाळा सरताना ते आटतं आणि मिठाचा पांढरा थर उरतो. माणसाला या पाण्याचा उपयोग शून्य. पिता येत नाही, त्यात होडी चालत नाही, पिकाला तर ते विषच. उथळ खारट पाण्यात वाढणाऱ्या शेवाळावर आणि बारीक जिवांवर पोट भरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना मात्र याहून चांगली जागा आशियात मोजकीच असेल. सिंधच्या सत्ताधीशांनी शेजाऱ्याचं भात बुडवलं आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची सोय केली, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं, कारण रण त्याआधीही खारंच होतं. पण अर्धं तरी खरं आहे.

आता दगडांच्या मागे आलेला माणूस. फर्डिनांड स्टोलिच्का हा मोरावियात १८३८ साली जन्मलेला पुराजीवशास्त्रज्ञ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत तो कलकत्त्याला आला. कच्छच्या टेकड्यांमध्ये ज्युरासिक काळातले, शिंगासारखे वळलेले अमोनाइटचे जीवाश्म विपुल सापडतात, त्यांच्यासाठी १८७१-७२च्या हिवाळ्यात तो इथे हिंडला. हातोडीबरोबर बंदूकही होती आणि त्या काळच्या रीतीने वाटेत दिसेल तो पक्षी मारून त्याचं कातडं भरणं हा फावल्या वेळचा उद्योग. १८७२ साली त्याने कच्छच्या सस्तन प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर एक टिपण छापलं. त्यात गप्पीदासाच्या कुळातल्या एका लहानशा पक्ष्याचं पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन होतं. आज तो स्टोलिच्काचा गप्पीदास म्हणून ओळखला जातो. नलियाच्या माळावर हा पक्षी शोधणं म्हणजे संयमाची परीक्षा. रंगाने वाळलेल्या गवतासारखा, बसतो एखाद्या खुरट्या काटकीवर, मधूनच छाती फुगवून अंग डावी-उजवीकडे डोलवतो आणि तेवढ्यानेच सापडतो. जगभरात तो फक्त भारत-पाकिस्तानच्या कोरड्या पट्ट्यात आढळतो, त्यामुळे परदेशी पक्षीनिरीक्षकांच्या यादीत त्याचा क्रमांक फार वरचा.

स्टोलिच्काला फार दिवस मिळाले नाहीत. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना जून १८७४ मध्ये काराकोरमच्या उंचीवर तो आजारी पडून वारला. लेहमध्ये त्याची समाधी आहे. कच्छमध्ये त्याची खूण म्हणजे हा वीतभर पक्षी.

असाच दुसरा एक माणूस आपल्याकडचा म्हणावा असा आहे, म्हणजे आपल्याकडे नोकरीला होता. कर्नल विल्यम सायक्स. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांनी मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. लोकसंख्या, पिकं, जमीनमहसूल हे त्याचं काम. पुणे-नगरकडे फिरता फिरता त्याने पक्षीही नोंदवले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका फिकट, वाळूच्या रंगाच्या रातव्याला त्याने शास्त्रीय नाव दिलं ‘महराट्टेन्सिस’. आज हा रातवा बघायला मराठी माणसं रात्रीच्या गाडीने कच्छला जातात. बन्नीत अंधार पडल्यावर जीपच्या दिव्यात वाटेवर दोन डोळे लुकलुकतात, गाडी थांबते, बॅटरीचा झोत पडतो आणि मराठ्यांचं नाव लावणारा वाळवंटी पक्षी जमिनीला पोट टेकून बसलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भुजच्या गादीवर जाडेजा घराण्याचे महाराव तिसरे खेंगारजी होते. १८७६ ते १९४२ अशी तब्बल सहासष्ट वर्षं त्यांनी राज्य केलं. ते पट्टीचे शिकारी. संस्थानिकाच्या शिकारीत एक गोष्ट असते जी वैज्ञानिकाच्या मोहिमेत क्वचित असते. त्याच्या पदरी माणसं असतात, ती वर्षभर रानात असतात आणि काय कुठे दिसलं हे दरबारात कळवतात. रोहित भारतात हिवाळ्यात येतात हे सर्वांना माहीत होतं. ते इथे अंडी घालतात का, याबद्दल मात्र शंका होती. मोठ्या रणात पच्छम बेटापलीकडे पाण्यात त्यांची मातीची घरटी आहेत, ही बातमी १८९०च्या दशकात खेंगारजी आणि कॅप्टन सी. डी. लेस्टर या लष्करी अधिकाऱ्यामुळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकापर्यंत पोचली. सोसायटी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. लेस्टरने पुढे १९०४ साली कच्छच्या पक्ष्यांवर एक पुस्तकही काढलं.

या जागेला ‘फ्लेमिंगो सिटी’ हे नाव पडलं आणि ते शोभतंही. रोहिताचं घरटं म्हणजे चिखलाचा बुंधा. नर-मादी चोचीने चिखल ओढून ओढून वीतभर, कधी त्याहून उंच ढीग रचतात आणि वर बशीएवढा खळगा ठेवतात. त्यात बहुधा एकच पांढरं अंडं. शेजारचं घरटं चोच पोचणार नाही इतक्याच अंतरावर, त्यामुळे वस्ती दाट. पिल्लू करड्या पिसांचं असतं आणि त्याची चोच सुरुवातीला सरळ असते, वाकडी नंतर होते. आई-बाप त्याला घशातून पाझरणारा लालसर रस पाजतात. पिल्लं जरा मोठी झाली की शेकडोंच्या संख्येने एकत्र हिंडतात आणि प्रत्येक आई त्या गर्दीतून आपलं पिल्लू आवाजावरून ओळखून काढते. हे सगळं अवलंबून असतं पाण्याच्या पातळीवर. पाणी फार झालं तर घरटी बुडतात. फार लवकर आटलं तर कोल्ह्या-कुत्र्यांना चालत जायला रस्ता मोकळा. म्हणून हे नगर दरवर्षी वसत नाही. अवर्षणाची वर्षं ते ओसाडच जातं, आणि कच्छमध्ये अवर्षणाची वर्षं काही कमी नसतात.

खेंगारजींच्या नंतर विजयराजजी गादीवर आले. त्यांनी कच्छच्या पक्ष्यांवर नवं पुस्तक करायचं ठरवलं आणि पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींना बोलावलं. या घटनेकडे जरा थांबून बघायला हवं. सलीम अलींचं ऐन उमेदीतलं बरंचसं काम संस्थानांच्या पैशावर झालं: हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर. संग्रहालयातली त्यांची नोकरी गेली होती. ज्यांचे पूर्वज हौसेने हजारांनी बदकं मारत, त्यांनीच भारतीय पक्षीशास्त्राचा खर्च उचलला, हा या इतिहासातला गैरसोयीचा भाग आहे आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. १९४३-४४ मध्ये कच्छचं सर्वेक्षण झालं. त्या सुमारास त्यांच्याबरोबर लोक वान थो होते. मलायातल्या गडगंज घराण्यातला हा तरुण जपानी आक्रमणाच्या वेळी सिंगापूरहून बोटीतून निसटला, बॉम्बहल्ल्यात भाजला आणि निर्वासित म्हणून मुंबईला येऊन पडला. वेळ जायला काही हवं होतं. कच्छच्या उन्हात कॅमेरा घेऊन तो घरट्यांसमोर तासन्‌तास बसला आणि पुढे आशियातल्या नामांकित पक्षीछायाचित्रकारांमध्ये गणला गेला. युद्धानंतर सिंगापूरला परतून त्याने चित्रपटधंद्याचं साम्राज्य उभारलं. १९६४ साली तैवानमध्ये विमान कोसळून तो गेला. आज फुलायला लेन्स लावून उभे राहणारे त्याचेच वारस, जरी त्यांना त्याचं नाव ठाऊक नसलं तरी.

‘द बर्ड्स ऑफ कच्छ’ १९४५ साली निघालं, डी. व्ही. कोवन यांच्या रंगीत चित्रांसह. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सलीम अली उंटावरून फ्लेमिंगो सिटीत पोचले. पाणी, चिखल आणि मिठाचा डोळे दिपवणारा पांढरा पसारा ओलांडून जे दिसलं त्याचा हिशोब त्यांनी मांडला तो असा: एक लाखाहून जास्त घरटी आणि पिल्लं धरून पाच लाखांच्या आसपास पक्षी. मुंबईतल्या एखाद्या उपनगराएवढी वस्ती ज्या ठिकाणी प्यायला पाण्याचा थेंब नाही तिथे. या कामांत त्यांना साथ देणारे महाराजकुमार हिम्मतसिंहजी हे विजयराजजींचे चिरंजीव. बंदूक ठेवून दुर्बीण धरणाऱ्या राजपुत्रांची जी एक पिढी सौराष्ट्र-कच्छमध्ये झाली, त्यातले ते एक. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी, जसदणचे लवकुमार खाचर ही त्याच मालिकेतली नावं. पुढची पन्नास-साठ वर्षं कच्छमध्ये कोणताही नवखा पक्षी दिसला की बातमी भुजला हिम्मतसिंहजींकडे जाई.

आणि हायपोकोलियस? त्याची भारतातली पहिली नोंद कच्छची नाही, ती आहे आपल्या किहीमची. १९३० साली सलीम अली बर्लिनहून शिकून परतले तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हतं. खर्च झेपावा म्हणून बायकोसह ते अलिबागजवळ किहीमला कुटुंबाच्या घरात राहायला गेले. त्या पावसाळ्यात घरामागच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. तिच्या अभ्यासातून त्यांचा नावाजलेला शोधनिबंध झाला. नोव्हेंबरात तिथेच त्यांना एक अनोळखी राखाडी पक्षी मिळाला, तो हायपोकोलियस निघाला. इराकचा पक्षी कोकणात नारळी-पोफळीत काय करत होता, याचा खुलासा तो भरकटला होता इतकाच. त्यानंतर कितीतरी वर्षं हा पक्षी भारतीय पुस्तकांमध्ये एका भटक्याच्या नोंदीपुरता राहिला.

कच्छचा पुढचा अध्याय सुरू होतो कर्नाटकात, माकडांच्या मृत्यूने. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, विषाणू शोधून काढला. तो गोचिडांतून पसरत होता आणि सोव्हिएत रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग शंका आली: दर हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर हा आजार तर आणत नाहीत ना? जागतिक आरोग्य संघटनेला उत्तर हवं होतं आणि त्यासाठी स्थलांतरित पक्षी धरायला हवे होते. सलीम अलींना पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायची कधीपासून इच्छा होती, पैसा नव्हता. दोघांची गरज जुळली.

१९६०च्या आगेमागे कच्छमध्ये तळ पडले. दोन काठ्यांमध्ये केसासारख्या बारीक धाग्याचं, दिसून न दिसणारं जाळं ताणायचं. पहाटे पक्षी त्यात अडकले की हळुवार सोडवून पिशवीत घालायचे, वजन करायचं, पिसं फुंकून कातडीवरच्या गोचिडी चिमट्याने टिपायच्या आणि अल्कोहोलच्या कुपीत टाकायच्या. मग पायात अॅल्युमिनियमची कडी, तिच्यावर क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशी सूचना. कळवलंही लोकांनी. पुढे या योजनेतल्या कड्या सोव्हिएत संघाच्या दूरदूरच्या भागांतून टपालाने परत आल्या.

क्यासनूरच्या तापाचा पक्ष्यांच्या स्थलांतराशी संबंध निघाला नाही. तो आजार इथलाच होता. पण ज्या प्रश्नासाठी पैसा आला नव्हता त्याची उत्तरं मिळत गेली. कच्छ हा नुसता हिवाळी मुक्काम नव्हता, तो रस्ताही होता. मध्य आशियातून आफ्रिकेच्या पूर्व भागाकडे जाणारे युरोपियन नीलपंख, तांबूस शेपटीचे झुडपी दयाळ, ठिपकेदार माशीमार, निळ्या गालांचे वेडे राघू ऑगस्ट-सप्टेंबरात इथून जातात, विसाव्याला चार दिवस थांबतात आणि हिवाळ्याची खरी गर्दी यायच्या आत पसार होतात. नोव्हेंबरात आलेल्या पर्यटकाला ते भेटत नाहीत. याच काळात, १९६० साली, रणातल्या कुआर बेटावर हायपोकोलियसही सापडला. किहीमचा भरकटलेला पाहुणा कदाचित इतका भरकटलेला नसावा, हा संशय तेव्हाच यायला हवा होता. आला असेलही, पण तीस वर्षं त्यावर पुढे काही झालं नाही.

पक्ष्यांना कड्या घालण्याच्या या कामासाठी अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका योजनेतूनही नंतर पैसा आला आणि १९७०च्या दशकात त्यावरून वर्तमानपत्रांत काहूर उठलं. पक्ष्यांमार्फत जंतुयुद्धाची तयारी चालली आहे की काय, इथपर्यंत आरोप झाले. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीकडे गेलं. आज तो वाद वाचताना हसू येतं, पण शीतयुद्धाच्या त्या दिवसांत गोचिडी आणि लष्कर हे शब्द एका वाक्यात आले की कुणालाही धास्ती वाटली असती.

दरम्यान रण सरहद्द झालं होतं. एप्रिल १९६५ मध्ये सरदार पोस्टवर पाकिस्तानी फौजेने हल्ला केला, छाड बेटाभोवती चकमकी झाल्या, मग लवादाने १९६८ साली निकाल देऊन रणाचा जवळपास एक-दशांश भाग पाकिस्तानला दिला. फ्लेमिंगो सिटी भारतात राहिली, पण उंटावर बसून तिथे जाण्याचे दिवस संपले. आज सीमा सुरक्षा दलाची परवानगी, वाहन, पाण्याची पातळी आणि नशीब असं सगळं एकत्र जुळलं तरच ते नगर दिसतं. बहुतेक सहलींच्या पत्रकात त्याचं नाव असतं, भेट नसते.

बन्नीचीही तऱ्हा बदलली. अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे गवताळ रान, तिथले मालधारी म्हशी राखत आणि म्हशी रात्री चरत. रण पुढे सरकतंय या भीतीने वनखात्याने १९६१ साली ३१,५५० हेक्टरवर गांडा बावळ लावला. आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात तोच. तो इतका माजला की गवताचा मोठा भाग गिळून बसला. गवतावर जगणारे पक्षी हटले; काट्यात घरटी करणाऱ्यांची चंगळ झाली. काही कुटुंबांनी कोळसा पाडायचा धंदा धरला. कुठला निर्णय कुणासाठी घेतला आणि कुणाच्या पथ्यावर पडला, याचं कोष्टक मांडायला बन्नीइतकी चांगली जागा नाही.

फुलायची गोष्ट १९९० सालची. बन्नीच्या कडेला, छारी धांडजवळ पीलूच्या झाडीत हायपोकोलियसचे थवे हिवाळाभर राहतात हे तेव्हा ध्यानात आलं. एक-दोन भटके नव्हेत, नेमाने येणारे थवे. पुढे १९९६ साली यावर सविस्तर लेख आला आणि त्याच्या लेखकांमध्ये वयोवृद्ध हिम्मतसिंहजी होते. त्यानंतर परदेशी गटांची रीघ लागली. ज्या मालधारी पोरांच्या बापजाद्यांनी हा पक्षी म्हशींमागे जाताना नेहमीच पाहिला असणार, ती पोरं आता दुर्बिणीशिवाय, नुसत्या शिटीवरून सांगतात की कोणत्या झुडपात आहे. नजर त्यांची, यादी दुसऱ्यांची, हा हिशोब अजूनही फारसा बदललेला नाही. फक्त गाडीभाडं आणि जेवणाचे पैसे गावात राहतात, एवढा फरक पडला आहे. छारी धांड २००८ साली राखीव संवर्धन क्षेत्र झालं. चांगला पाऊस झालेल्या वर्षी संध्याकाळी तिथे कुंज (क्रौंच पक्षी) उतरायला लागले की बोलणाऱ्याचा आवाज शेजारच्याला ऐकू येत नाही. पाऊस नसेल तर भेगाळलेली जमीन आणि लांबवर एखादा गरुड. पैसे भरून आलेल्यांना हे समजावणं वाटाड्यांना अवघड जातं.

नलियाकडे परिस्थिती अधिक बिकट. गुजरातमध्ये थंडीच्या बातम्यांत सर्वांत कमी तापमानासाठी ज्या गावाचं नाव येतं, ते हेच. इथल्या माळावर माळढोक होता. अभयारण्य १९९२ साली झालं, क्षेत्र अवघं दोन चौरस किलोमीटर. माळढोक उडतो दूरवर, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि पवनचक्क्यांच्या, वीजवाहिन्यांच्या तारांवर तो आदळतो. आता इथे मोजक्या माद्या उरल्या आहेत, नर नाही. सोलापूरच्या नान्नजला ज्यांनी माळढोक विरळ होत गेलेला पाहिला, त्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. वांकानेरच्या राजघराण्यातले, निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखाली घ्यायचा आदेश दिला, २०२४ साली तो सौम्य करून समितीकडे सोपवला. सौरऊर्जा आणि वाऱ्याची वीज हीसुद्धा गरजेची, असा तिढा आहे. खावड्याजवळ उभा राहत असलेला प्रचंड ऊर्जाप्रकल्प आणि रणातून धोळावीऱ्याकडे गेलेला घडुली-सांतलपूर रस्ता हे फ्लेमिंगो सिटीच्या बाजूचेच विषय. रस्त्यावर दुतर्फा पाणी असताना पर्यटक सेल्फी काढतात. त्या पाण्यात रोहितांचा वावर असतो.

रोहितांचं काय होतं हे आता मुंबईतूनही कळतं. ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीला ते १९९०च्या दशकापासून हजारोंनी येऊ लागले. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला. शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलाचं काम निघालं तेव्हा पक्ष्यांवर काय परिणाम होईल हे पाहायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. पुन्हा तेच: बांधायचा होता पूल, अभ्यास झाला पक्ष्यांचा. २०२२ साली सहा रोहितांना जीपीएस यंत्रं लावली. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची दिशा उत्तरेकडची, गुजरातच्या किनाऱ्याकडची. सोसायटीने प्रत्येकाला एक नाव दिलं. एक खेंगारजी महाराज, एक लेस्टर, एक सलीम. सोसायटीतले जुने निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून एक हुमायून, रोहितावर १९३०च्या दशकात दीर्घ टिपण लिहिणाऱ्या चार्ल्स मॅक्कॅनवरून एक मॅक्कॅन. आणि उरलेल्या सहाव्याचं नाव, खाडीच्या पलीकडच्या काठाला मान म्हणून, नवी मुंबई.